पाच मिनिटं गप्प

रक्तदाब कसा मोजावा याचे नियम ज्यांनी लिहिले, त्यांनी आमच्या सोसायटीतली माणसं पाहिलेली नसावीत. अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाठ खुर्चीला टेकवा, पायावर पाय टाकू नका, दंड छातीच्या पातळीवर ठेवा. इथवर सगळं जमतं. पुढची अट मात्र जाचक आहे: आधी पाच मिनिटं शांत बसायचं आणि मोजताना अवाक्षर काढायचं नाही.

१७ मे हा जागतिक उच्च रक्तदाब दिन. त्या सुमारास आमच्याकडे मोफत तपासणी असते आणि नेमके तेच दिवस पाण्याच्या टँकरचे. त्यामुळे रांगेतच सेक्रेटरींची हजेरी घेऊन झालेली असते. तळमजल्यावरचे अण्णा खुर्चीत बसले, सिस्टरनी पट्टा गुंडाळला.

"काका, बोलू नका हं."

"मी कुठे बोलतोय? मी एवढंच म्हणतोय, टँकरचे पैसे सगळ्यांनी सारखे का भरायचे?"

मशीनने १६८ दाखवलं. थोडा वेळ गप्प बसवून पुन्हा मोजलं, तर १३६. अण्णांनी लगेच निकाल दिला, पहिला आकडा सेक्रेटरींच्या नावावर लिहा.

स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडून रक्त किती उंच चढतं ते पाहिलं आणि १७३३ मध्ये छापलं. आठ फुटांच्या वर चढलं होतं. घोडीचे हाल झाले, पण निदान ती मध्येच टँकरचा विषय तरी काढत नव्हती. पुढे १८९६ मध्ये रिव्हा-रोची यांनी दंडाचा पट्टा आणला आणि १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन शल्यविशारदाने पट्ट्याखालच्या धमनीचे ठोके स्टेथोस्कोपने ऐकायला शिकवलं. म्हणजे डॉक्टरांनी ऐकायचं. आपण ऐकवायचं नाही.

शिबिराला न येणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. "मला काही होत नाही" हे त्यांचं प्रमाणपत्र. पंचाईत अशी, की रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना खरंच काही होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. तो मुकाट्याने हृदय, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर काम करत राहतो. शेजारच्या भाऊंना विचारलं, "शेवटचा कधी मोजला होता?" म्हणाले, "हिच्या बाळंतपणात. एकदम नॉर्मल होता." मुलगा आता इंजिनिअर आहे. आणि मोजला होता तो वहिनींचा.

मिठाचंही तसंच. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. "मी वरून मीठ घेतच नाही," असं सांगणारा हात तेव्हा लोणच्याच्या बरणीत असतो. गच्चीवर कुरडया, सांडगी मिरच्या आणि पापडखार घातलेले पापड वाळत असतात, ते या हिशेबात धरत नाहीत. गोळीने आकडा खाली आला की "आता नॉर्मल आहे" म्हणून गोळी बंद करणारे तर घरोघरी आहेत.

शेवटी आम्ही घरीच मशीन आणलं. पाहुणे आले की चहाच्या आधी पट्टा. परवा आत्याचा दोन्ही हातांवर मोजला. डावा १२८, उजवा १३८. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजून जास्तीचा आकडा धरतात, असं मी सांगितलं. आत्याने वहीत डावाच लिहायला लावला. म्हणाली, "उजव्याने पोळ्या लाटते रे मी. त्याला दाब असणारच."