आपल्या डब्याचे झाकण आम्ही उघडले, त्याबद्दल

मदन महल, जबलपूर

माननीय निर्माते महोदय यांसी,

कृतानेक साष्टांग नमस्कार वि. वि.

आपण घडवलेला संगीताचा स्ट्रीमर आमच्या बैठकीत दोन वर्षे उत्तम वाजला. वॉरंटी संपली आणि पुढच्याच मे महिन्यात तो मुका झाला. वेळ इतकी अचूक साधल्याबद्दल आपले अभिनंदन.

आमच्या टेकडीवर, राणी दुर्गावतीच्या किल्ल्याजवळ, एक अजस्र शिळा दुसऱ्या शिळेवर जेमतेम टेकून उभी आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातली घरे पडली, ती शिळा ढळली नाही. तिच्या शेजारी राहून टिकाऊपणाच्या आमच्या अपेक्षा वाढल्या असतील, तर मोठ्या मनाने क्षमा करावी.

वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. मोबाइलच्या काचेवर त्यांचे बोट नीट चालत नाही. आपल्या डब्याला मात्र दाबले की खट् वाजणारे एक बटण होते. सकाळी सहाला ते दाबायचे आणि नाट्यपदे ऐकत चहा घ्यायचा, हा त्यांचा नेम. ज्याने ते बटण ठेवले, त्याचे आभार मी मनापासून मानतो. तो अजून आपल्याकडे असेल तर त्याला कळवावे.

सेवा केंद्राने तर आमचा वेळ मुळीच घेतला नाही. डबा न उघडताच निदान झाले: मॉडेल बंद, बोर्ड मिळत नाही, नवा घ्या. नव्याला बटण नाही. वडिलांनी काय करावे, हे सांगण्याची तसदी आपण घेतली नाहीत.

स्क्रू रबरी पायांखाली दडवल्याबद्दलही आभारी आहे. त्यांना त्रिकोणी खाच होती, म्हणून नवा स्क्रूड्रायव्हर आणावा लागला. हत्यारांत भर पडली.

सर्किटचा नकाशा मागितला, तेव्हा तो गोपनीय असल्याचे आपण कळवलेत. आमच्या आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला तो पाठीमागच्या पुठ्ठ्यावर आतून चिकटवलेला होता. गल्लीतला मेकॅनिक पुठ्ठा काढी, बोट फिरवी आणि कामाला लागे. त्या कंपनीला आपले गुपित राखता आले नाही खरे, पण तिचा रेडिओ आजोबांच्या मागे पंधरा वर्षे वाजला.

मग धावून आली ती माणसे, जी आपल्या पगारावर नाहीत. नागपूरच्या एका ग्रंथपालांनी फोनवर बजावले, "प्लग काढला म्हणून लगेच हात घालू नका." २३० व्होल्टचा प्रवाह आत एकदिश झाला की मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. ही सूचना आपण छापली असतीत तर आम्ही ऋणी झालो असतो. पुण्याच्या एका मुलीकडे हाच डबा होता. तिने रविवार खर्चून बोर्डावरची एकेक वाट कागदावर उतरवली आणि फोटो पाठवला.

शेवटचा हात आमच्याच गल्लीतल्या काकांचा, टेलिकॉम फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या. त्यांनी बोर्ड सुटा करून वीजपुरवठ्याला मल्टिमीटर लावला: ५ व्होल्ट, अगदी बरोबर. मी निराश झालो. काका म्हणाले, "रिकाम्या हाताने कोणीही ताठ उभा राहतो रे. ओझं दे त्याला." बोर्ड जोडताच काटा ३.८ वर आला. डबा चालू होई, दम तुटे, पुन्हा चालू होई. मुका झाल्यापासून त्याचा दिवा लुकलुकत होता, तो याचमुळे.

दोषी सापडला तो करंगळीच्या पेराएवढा: १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, डोके फुगलेला, आतला द्रव सुकलेला. आपण त्याला तापणाऱ्या हीटसिंकला अगदी खेटून बसवले होते. अशा कपॅसिटरचे तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते, हा ठोकताळा आपल्या अभियंत्यांना माहीत नसेल असे मी म्हणणार नाही. जबलपूरचा मे त्रेचाळीस अंशांवर जातो. कपॅसिटर अर्धा इंच दूर बसवायला आपल्याला काय पडले असते? काकांनी १०५ अंशांचा, चांगल्या प्रतीचा कपॅसिटर थोडा लांब, आडवा बसवला. खर्च चाळीस रुपये, त्यात दोन चहा.

आपल्या माहितीसाठी: स्क्वीझबॉक्स नावाचे स्ट्रीमर २०१२ मध्ये बंद झाले. त्यांच्या सर्व्हरचा कोड मात्र खुला होता. म्हणून हौशी माणसांनी तो आजतागायत जिवंत ठेवला आहे. २०२४ पासून त्याचे नाव लिरियन. कोड खुला ठेवल्याने स्क्वीझबॉक्सच्या नावाची अब्रू वाढलीच. आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी भारत सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्सही आहेत. सवड काढून पाहावे. आपले नाव तिथे दिसले तर दुसरे पत्र मी आनंदाने लिहीन, आणि त्यात एकही टोमणा नसेल.

परवा सकाळी सहाला खट् झाले. मी स्वयंपाकघरात होतो. वडील काही बोलले नाहीत, आवाज तेवढा वाढवला.

त्या मुलीने काढलेला नकाशा काकांनी स्वच्छ उतरवून झाकणाला आतून चिकटवला आहे. कपॅसिटरचा आकडा लाल शाईत आहे. डबा पुन्हा कधी आपल्याकडे आलाच, तर आपल्या माणसांनी तो जरूर पाहावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक ग्राहक