परदेशी फोन मागवण्याची शास्त्रोक्त पद्धत

दिवाळीला न्यू जर्सीहून भाचा येणार असेल, तर गणपती बसायच्या आधीपासून त्याच्याशी आपुलकीने बोलायला लागावं. "तिकडे फोन स्वस्त मिळतात ना रे?" हा प्रश्न मात्र तिसऱ्या-चौथ्या वेळी, सहज सुचल्यासारखा टाकावा. कॅमेरा किती, मेमरी किती, कव्हर फुकट मिळतं का, हे खोदून खोदून विचारावं. फोन कोणते बँड पकडतो, हे चुकूनही विचारू नये. मामांना यातलं कळतं अशी शंका आली, तर भाचा सेलमधला फोन आणायला बिचकेल.

तरीही ज्यांना जिज्ञासा आवरत नाही, त्यांच्यासाठी थोडं शास्त्र. टॉवर आणि फोन ठरावीक लहरींच्या पट्ट्यांवर बोलतात आणि प्रत्येक पट्ट्याला क्रमांक असतो. ८५० मेगाहर्ट्‌झचा बँड ५, १८००चा ३, २३००चा ४०. यात क्रम शोधू नये, तो नाही. जिओचं फोरजी या तिघांवर चालतं. एअरटेलकडे ३ आणि ४० आहेत, शिवाय ९००चा ८ आणि २१००चा १. अमेरिकेतल्या कंपन्यांचा संसार मुख्यतः २, ४, १२, १३, ६६, ७१ असल्या आकड्यांवर. ५ तेवढा दोन्हीकडे भेटतो, आणि खरा घोळ हा पाचच घालतो.

तिकडच्या एखाद्याच कंपनीसाठी काढलेल्या स्वस्त फोनमध्ये ४० नसण्याची शक्यता बरीच. कधी ३ही नसतो. त्यात जिओचं सिम घातलं की पाचावर टॉवर सापडतो, काड्या भरतात आणि मामा घरभर फोन दाखवत फिरतात. फिरावं. रात्री आठनंतर सगळी सोसायटी मोबाइलला चिकटली, की भरलेल्या काड्यांखाली गोल चक्र फिरायला लागतं. कमी वारंवारतेची लहर लांब जाते, भिंतीतून आत शिरते, म्हणून काड्या दिसतात. पण ८५०चा पट्टा अरुंद. तो वस्तीभर वाटला गेल्यावर आपल्या वाट्याला येणार किती? गर्दीचा भार पेलायला ३ आणि ४० आहेत, पण आपल्या फोनला ते ऐकूच येत नाहीत. शेजाऱ्याच्या दहा हजारांच्या फोनवर मॅच चालू असते. अशा वेळी टॉवर, कंपनी आणि सरकार यांना याच क्रमाने नावं ठेवावीत.

"पण फोन अनलॉक्ड आहे!" हे वाक्य दर दहा मिनिटांनी म्हणावं. कुलूप निघालं म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम चालायला आडकाठी उरली नाही, इतकंच. जो बँड फोनच्या हार्डवेअरमध्येच नाही, तो रिसेट करून किंवा कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दोनशे रुपये देऊन येत नाही. तरी दोनशे द्यावेत. त्यालाही दिवाळी आहे.

जिओकडे टूजी-थ्रीजी मुळातच नाही, साधा कॉलसुद्धा मुख्यतः फोरजीवरून, म्हणजे व्होएलटीईने जातो. फोनमध्ये ती सोय इथल्या नेटवर्कवर चालत नसेल, तर नेट मिळतं आणि कॉल लागत नाही. ज्यांचे नातेवाईक फार, त्यांनी हा दोष समजू नये.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना २०२२च्या आयफोन १४पासून सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम. आपल्याकडच्या कंपन्याही ई-सिम देतात, पण ही माहिती आधी काढू नये. घरातल्या सर्वांना जमवून, पिन हातात घेऊन फोनच्या चारही कडा तपासाव्यात. स्पीकरच्या भोकात पिन घालण्याचा मान ज्येष्ठांचा.

फाइव्हजीतही बँडचं तेच: इथे एन७८ हवा, जिओसाठी एन२८ही असावा.

एवढी सगळी मजा ज्यांना घालवायचीच आहे, त्यांनी भाच्याला मॉडेलचा नेमका क्रमांक पाठवायला सांगावं. आयफोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट'मधल्या मॉडेल नंबरवर एकदा टिचकी मारली, की ए अक्षराने सुरू होणारा क्रमांक दिसतो. नाव तेच असलं तरी देशागणिक हा क्रमांक वेगळा असू शकतो, आणि बँडची यादी त्यावरून कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते. तीत ३, ५, ४० आणि एन७८ असतील तर खुशाल मागवा. नसतील तर भाच्याला बदाम आणायला सांगा आणि फोन इथेच घ्या.