गिझर गळायलाय

बीडमध्ये घरात चोर शिरला तर शेजारी सकाळी विचारपूस करतील. पाणी वाया चाललेलं दिसलं तर मात्र भर रात्री दार वाजवतील. नळाला पाणी कधी येणार हे पंचांगातही सापडत नाही, त्यामुळे त्यांचंही बरोबरच. आमच्या गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची नळी बोळात काढलेली, म्हणून थेंबांची बातमी आमच्याआधी गल्लीला कळली.

"गिझर गळायलाय तुमचा," समोरचे काका म्हणाले. "व्हॉल्व्हच काढून टाका."

वडिलांनी इतिहास काढला. "खजाना विहीर निजामशाहीतली. नुसत्या उतारावर शेतापर्यंत पाणी जातं. तिला कुठंय व्हॉल्व्ह?"

मुद्दा बिनतोड, पण त्या विहिरीतलं पाणी कुणी आंघोळीला तापवत नाही. 25 लिटर गार पाणी 65 अंशांपर्यंत तापलं की अर्ध्या लिटरच्या आसपास फुगतं. मागची वाट एकेरी झडपेनं बंद, पुढचा नळ बंद. मग दाब 8 बारच्या घरात गेला की व्हॉल्व्हची स्प्रिंग मागं सरते आणि जास्तीचं पाणी बाहेर पडतं. देनी पापँनं 1679 साली कुकरचा पणजोबा दाखवला, त्यालाही अशी झडप होतीच. थोडक्यात, तापताना पडणारे थेंब हा रोग नव्हे.

आमचा मात्र बटण बंद असतानाही गळत होता. स्लॅबवरच्या टाकीचा जोर तो किती? दहा मीटर उंचीला एक बार. आमची टाकी त्याच्या निम्म्यावरही नाही. म्हणजे दाबाला दोष देण्यात अर्थ नव्हता.

प्लंबरनं वीज तोडली, पाणी बंद केलं, व्हॉल्व्हचा खटका दोनदा वर-खाली केला. फरक पडेना, तेव्हा तो खोलला. रबरी बैठकीवर पांढरा खडबडीत थर होता आणि त्यातलाच एक खडा नेमका कडेला अडकून बसलेला. नखानं खरवडत तो म्हणाला, "बोअरचं पाणी. दुसरं काय असणार?" रबराला खाच पडली होती, म्हणून नवाच व्हॉल्व्ह बसवला. टेफलॉन टेप गुंडाळता गुंडाळता बजावलं, "तापताना थोडं टिपकणार. घाबरून फोन करू नका."

हे सगळं काका दारात उभं राहून बघत होते. त्यांना राहवेना.

"आमच्या गिझरचा एक थेंब पडत नाही. नळीत खुट्टी मारलीय, चांगली बाभळीची."

प्लंबरनं पिशवीत टाकलेला पान्हा परत बाहेर काढला.

"काका, आधी घरी जाऊन बटण बंद करा. मी आलोच."