मेहुण्याचा एबिटडा

गुरुजींनी कलशावर नारळ ठेवला, पळीत पाणी घेतलं, आणि आमच्या मेहुण्याने त्यांना विचारलं, "गुरुजी, तुमच्या या धंद्यात एबिटडा किती सुटतो?"

घरची वास्तुशांत. मी सोवळं नेसून पाटावर, म्हणजे उठून पळायचीही सोय नाही. गुरुजी क्षणभर थांबले, "यथाशक्ती" म्हणाले आणि पुढच्या मंत्राला लागले. मेहुण्याने ते उत्तर फोनमध्ये टिपून घेतलं. जेवताना माझ्या शेजारी बसून त्याने गणित उलगडलं. "दाजी, असा धंदा शोधून सापडणार नाही. साहित्य यजमानाचं, जागा यजमानाची, घसारा शून्य, उधारी शून्य. शिवाय गिऱ्हाईक दर वर्षी श्राद्धाला परत येतं!" तेवढ्यात गुरुजी म्हणाले की मुलगा बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे, आपल्यामागे हे चालवायला कोणी नाही. मेहुण्याचा चेहरा पडला. "की-मॅन रिस्क," तो माझ्या कानात पुटपुटला आणि त्याने दुसरी जिलबी घेतली.

हा प्राणी तुमच्याही नात्यात असणार. पगार खराडीच्या बॅक ऑफिसचा, बोलणं थेट न्यूयॉर्कचं. 1988 साली केकेआर या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने आरजेआर नॅबिस्को ही सिगारेट-बिस्किटांची कंपनी सुमारे 25 अब्ज डॉलरला, त्यातही बहुतेक उधारीच्या पैशांवर, कशी घ्यायला काढली, हे तो बारशातसुद्धा सांगतो. भारती या टेलिफोन कंपनीत 1999 पासून पैसे घालून वॉरबर्ग पिंकस या तसल्याच कंपनीने काही वर्षांत पाचपटीहून जास्त कसे काढले, हे मुंजीत.

आणि एबिटडा कुठेही. व्याज, कर, घसारा यांतलं काहीही वजा करण्याआधीचा नफा म्हणजे एबिटडा. जे खर्च खरोखर करावेच लागतात ते बाजूला ठेवून कसला नफा, हे मला आजवर कळलेलं नाही. वॉरन बफे यांनाही हा आकडा आवडत नाही, असं मी एकदा त्याला वाचून दाखवलं. "बफे जुन्या वळणाचे आहेत," असं त्याने मोठ्या मनाने सांगितलं. केस कापताना त्याने एबिटडा विचारला, तर न्हाव्याने "तो आपल्याकडे नाही ठेवत, साहेब" म्हणून सांगितलं. दाताच्या डॉक्टरांना विचारला तेव्हा त्याच्या तोंडात कापूस होता. नेमका शब्द कळला नाही म्हणून डॉक्टरांनी भुलीचं आणखी एक इंजेक्शन दिलं.

पण त्याचं खरं प्रेम रसवंतीवर. सासवड रस्त्याला गाडी थांबवून, घुंगरांच्या तालावर फिरणाऱ्या चरकाकडे बघत तो मला म्हणाला, "पाटी वाचा, दाजी." पाटी होती कानिफनाथ रसवंतीगृह. "आता आठवा, नगरला काय होतं? नाशिकला? सोलापूरला?" खरंच होतं, कानिफनाथ नाही तर नवनाथ. या धंद्यातली पुष्कळ माणसं पुरंदर तालुक्यातली, बोपगावचा कानिफनाथ त्यांचं दैवत, म्हणून गावोगाव तीच पाटी. मेहुण्याला यात दैवत दिसलं नाही. "ब्रँड तयार आहे आणि मालक कोणी नाही! दोनशे रसवंत्या एकत्र घ्यायच्या, ग्लास एकसारखे करायचे, पाच वर्षांनी विकून मोकळं व्हायचं." मग त्याने मालकाला एबिटडा विचारला. मालकाने चरक थांबवला नाही. "आलं टाकू का लिंबू?" "पावसाळ्यात काय करता?" "गावाकडं शेती." मेहुण्याने फोनमध्ये 'सीझनॅलिटी' असं लिहिलं. रसाचे पैसे मी दिले.

त्याचं रोजचं काम मात्र वेगळं होतं. प्रायव्हेट इक्विटीवाले दहा वर्षांसाठी पैसे गोळा करतात, त्यांतून कंपन्या विकत घेतात, वाढवतात, विकतात. हा कुठल्याशा परदेशी फंडाचे हिशेब ठेवायचा. गुंतवणूकदारांना पैसे भरायच्या नोटिसा काढायच्या, तिमाहीला प्रत्येकाचं खातं जुळवायचं, आणि कंपनी विकली गेली की वाटप करायचं. वाटपाची रीत पंगतीची. आधी गुंतवणूकदारांचं मुद्दल, मग त्यांचा बहुधा आठ टक्क्यांचा परतावा, मग फंड चालवणाऱ्यांचं ताट भरून यायचं आणि उरलेला नफा ऐंशी-वीस. ते वीस टक्के म्हणजे कॅरी, या पंगतीतलं श्रीखंड. मेहुणा वाढपी. न्यूयॉर्कच्या वेळा सांभाळत, मध्यरात्री, कोणाच्या वाटीत किती डॉलर पडले ते तो सेंटपर्यंत बरोबर वाढायचा. एकदा त्याने वाटपाच्या सूत्रातली चूक पकडली, तीही कराराची जाड बाडं वाचून. पलीकडून उत्तर आलं, 'नोटेड'. ताईला, म्हणजे माझ्या बायकोला, तो ही गोष्ट फार वेळा सांगायचा. त्या वेळी मला त्यात फुशारकी दिसली होती.

सीएफएच्या तिन्ही पायऱ्या तो चढला. माउसला हात न लावता एक्सेल चालवायला शिकला. मग डेक्कन क्वीनने मुंबईच्या खेपा सुरू झाल्या, लोअर परळ, बीकेसी. डायनिंग कारमधल्या चीज टोस्टचा एबिटडा त्याने काढला होता, हे सांगायला नकोच. समोर त्याच्याहून लहान मुलं बसायची, आयआयएमची आणि वर दोन वर्षं इन्व्हेस्टमेंट बँकेत काढलेली. कर्ज काढून कंपनी घेण्याचं मॉडेल बनवायला द्यायची. हा वेळेआधी संपवायचा. ती म्हणायची, "प्रोसेस उत्तम आहे. डीलचा अनुभव?" पंधरा वर्षं डीलचीच भांडी मांडणाऱ्या माणसाला असं विचारायला वेगळंच शिक्षण लागत असावं.

दार उघडलं ते मागून. पगार कमी घेऊन तो आधी एका सल्लागार फर्ममध्ये गेला, विकाऊ कंपन्यांचे हिशेब तपासायला. तिथून एका फंडात, घेतलेल्या कंपन्यांवर लक्ष ठेवायला. डील करणाऱ्यांच्या मजल्यावर, पण खिडकीपासून लांब. आम्ही पेढे वाटले. गुरुजींनाही दिले.

पहिली कामगिरी होती पॅथॉलॉजी लॅबची एक साखळी. फंडाने ती घेतली आणि शंभर दिवसांचा कार्यक्रम आखला. पहिलंच कलम होतं, कोल्हापूरचा हिशेब विभाग बंद करून ते काम बाहेर द्यायचं. नऊ माणसं. तक्ता मेहुण्याने करायचा. रविवारी आमच्याकडे जेवायला आला तेव्हा त्याने मला तो समजावून सांगितला, आवाज न चढवता. कंपनीची किंमत एबिटडाच्या बारा पट धरलेली. म्हणजे चार लाख पगाराचा एक कारकून गेला की कंपनी अठ्ठेचाळीस लाखांनी महाग होते. नऊ जण गेले की चार कोटी बत्तीस लाखांनी. "ते वर्षभर काम करून मिळवतात चार," तो म्हणाला, "आणि घरी बसून देतात अठ्ठेचाळीस." बायको वाढताना थांबली.

त्या नऊ जणांत एक निवृत्तीला आलेले काका होते. मेहुण्याच्या तक्त्यात एका लॅबचं भाडं दोनदा धरलं गेलं होतं, ते त्यांनी पेन्सिलीने दाखवून दिलं. एबिटडा वाढला, वरच्यांना आनंद झाला. काकांना काय उत्तर गेलं, ते मी विचारलं नाही.

"मग पाठवलास तक्ता?"

"पाठवला." त्याने भातावर वरण घेतलं. "ॲडजस्टेड एबिटडा माहीत आहे ना, दाजी? जो खर्च एकदाच होणार, तो परत नफ्यात मिळवून दाखवायची मुभा असते. या नऊ जणांचे पगार मी 'एकत्रीकरणाचा तात्पुरता खर्च' म्हणून दाखवले. माणसं कामावर आहेत आणि कागदावर खर्च नाही. वरून मंजुरीही आली. त्यांना आकडा आवडला."

ज्या आकड्याने मला वास्तुशांतीत घाम फोडला, त्याच्या पोटात या गृहस्थाने नऊ माणसं लपवली होती. मी त्याला न विचारता लोणचं वाढलं.

"पण तात्पुरता खर्च किती वर्षं तात्पुरता राहणार?"

"दोन. फार तर तीन."

"आणि मग?"

"मग आम्ही कंपनी विकणार," मेहुणा म्हणाला. "पुढचा घेणारा बघून घेईल."