पुडा पालथा करणारा बाप

भिवंडीतल्या कामतघरच्या किराणा दुकानात हल्ली एक नवं गिऱ्हाईक दिसतं. घरात पाण्याचा ग्लाससुद्धा जागेवर मागवणारा गृहस्थ संध्याकाळी पिशवी घेऊन स्वतः सामानाला येतो. मुलगा पाचवीत गेलाय, वजनाचा काटा पुढं सरकलाय आणि बापाच्या फोनवर कुणीतरी व्हिडिओ ढकललाय. मग हा बाप चष्मा कपाळावर चढवतो, बिस्किटाचा पुडा पालथा करतो आणि बारीक अक्षरांत बुडून जातो. मागं रांग लागते. गल्ल्यावरचा शेठ शांतपणे म्हणतो, ‘‘वाचून झालं की जागेवर ठेवा, साहेब.’’

पुडा वाचण्यात वाईट काही नाही. वाचलाच पाहिजे. आत काय काय घातलंय ते वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचं असा नियम आहे. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. पुढच्या बाजूला नाचणी-ज्वारीची कणसं डोलतात आणि मागं बघावं तर मैदा, साखर, पामतेल अशी वरात, नाचणी पार शेवटी. दुधात घालायच्या पावडरींची कथा तर आणखी बहारदार. अन्नसुरक्षा कायदा २००६चा. त्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाचा प्रकारच नाही. हे ध्यानात येऊन वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटासकट असली पेयं त्या यादीतून काढायला सांगितलं ते एप्रिल २०२४मध्ये. तोवर एक अख्खी पिढी ती पिऊन मतदार झाली होती.

तेव्हा बाप वाचतो, इथवर त्याला सलाम. घोटाळा पिशवी घरी आल्यावर होतो. नावं बदलतात, माप तेच राहतं. साखर गेली, गूळ आला. गूळ काळसर, कागदी पिशवीतला, दामदुप्पट किमतीचा. त्यात लोह वगैरे चिमूटभर असेलही, पण रक्तात उतरल्यावर तो साखरेचंच काम करतो. आणि ‘गूळच तर आहे’ म्हणून चहात एकाच्या जागी दोन चमचे पडतात. मीठ गेलं, गुलाबी सैंधव आलं. सोडियम जवळपास तेवढंच. आयोडीन मात्र बहुतेक पाकिटांत नाही. गलगंड हटवण्यासाठी देशानं कित्येक वर्षं खपून मिठात आयोडीन घातलं आणि आता आपण जास्तीचे पैसे मोजून ते काढून घेतो! मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे तेवढं लोणच्या-पापडातच उरकतं, आमटी अजून चुलीवरच असते. तेलही घाण्याचं आलं. डबा मात्र पूर्वीसारखाच वीस तारखेला तळ दाखवतो.

भिवंडीकरांच्या बाबतीत यात एक खास गंमत आहे. यंत्रमागांचं हे गाव आता गोदामांचंही झालंय. मानकोली, वळ, दापोडे, पूर्णा, राहनाळ... मुंबई-ठाण्याला दहा मिनिटांत पोचणारं बरंचसं आरोग्य आधी आमच्या पत्र्याखाली धूळ खात पडलेलं असतं. दक्षिण अमेरिकेतला किनोआ समुद्र ओलांडून न्हावाशेव्याला उतरतो, कंटेनरमधून आमच्या खड्ड्यांचे हादरे खात गोदामात येतो आणि अ‍ॅपवर बोट दाबलं की दुचाकीवरून कामतघरला. तो उचलणारा पोरगा दुपारी टपरीवर वडापाव खातो. त्याला कॅलऱ्या मोजायला सवड नाही. त्याच्या पावलांचा हिशेब सुपरवायझर ठेवतो.

उलट वाड्याचा कोलम. त्याला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाडा इथून एका रस्त्यावर, रस्ता म्हणायचं धाडस असेल तर. पण ‘भात फुगवतो’ हा बापाचा नवा सिद्धांत, त्यामुळं तांदूळ बंद आणि किनोआचा पुलाव सुरू. पोरगं तो पुलाव ताटाच्या कडेला ढकलून फरसाण शोधतं.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तीन बत्तीच्या बाजारात आदिवासी बाया शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. पानात बांधलेल्या जुड्या, शेजारी काकडाच्या हिरव्या फळांचा वाटा. आमचे गृहस्थ एकदा तिथंही उभे राहिले. जुडी हातात घेतली आणि सवयीनं पालथी केली. छापलेलं काहीच नव्हतं. ‘‘यात फायबर किती असतं हो?’’ बाई क्षणभर बघत राहिली, मग म्हणाली, ‘‘खाजरी असते. पिवळं काढून टाक नि काकडं घाल, नायतर घसा धरल.’’ तिचा खुलासा पुड्यावरच्या कुठल्याही इशाऱ्यापेक्षा सरळ होता, पण गृहस्थांनी जुडी खाली ठेवली. शेवळं निवडायची, चिरायची, काकडं ठेचून रस काढायचा, एवढा खटाटोप कोण करणार?

कोण करणार, हे सांगायला नकोच. आरोग्य बापाच्या डोक्यात शिरतं आणि बाहेर पडतं आईच्या खांद्यातून. त्याच्या ज्वारीच्या भाकऱ्या, मुलाची पोळी, सासूबाईंचा मऊ भात, शिवाय सकाळी भिजवलेली कडधान्यं संध्याकाळी उपसायची. ती स्वतः रात्री सगळ्यांचं उरलेलं खाते. त्यातली पोषणमूल्यं कुणी वाचत नाही. घाण्याचं तेल आणणारा भेटतो, पोळ्या लाटायला बसणारा अजून भेटायचाय.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी ‘हेल्दी’ नाचणीचे लाडू झाले. बापानं चौथा लाडू उचलत मुलाला पुड्यामागचा नियम समजावून सांगितला. पोरगं हुशार. वहीचं पान फाडून लाडवाच्या डब्यावर चिकटवायला बसलं आणि आत ओरडून विचारलं, ‘‘आई, याच्यात पहिलं काय लिहू?’’

‘‘गूळ लिही,’’ ओट्यापाशी उभी राहून ती म्हणाली. ‘‘मग कणीक, मग तूप. नाचणी खाली कुठंतरी लिही. नुसत्या नाचणीचे तुम्ही दोघं कुठं खाता?’’