तबकड्यांचा फेरफार

डहाणू तालुक्याचे नाव परमुलखात निघाले म्हणजे ऐकणारा प्रथम घोलवडच्या चिकूची चौकशी करतो, नंतर १९९५ पासून चालू असलेल्या ५०० मेगावॅटच्या वीजकेंद्राविषयी काही तरी अर्धवट बोलतो, आणि अगदीच सुसंस्कृत असला तर गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांचा उल्लेख करून मोकळा होतो. परंतु याच तालुक्यात, समुद्रापासून फर्लांगभर अंतरावर, ग्रामोफोनच्या तबकड्यांविषयी ज्याचे मत अखेरचे समजले जावे असा एक सेवानिवृत्त अव्वल कारकून वास्तव्य करून आहे, याची दखल अद्याप कोणत्याही गॅझेटियरने घेतलेली नाही.

हयातभर मी डहाणूच्या व पुढे तलासरीच्या कचेरीत इतरांचे निवाडे सुवाच्य अक्षरांत लिहून काढले. निकाल मामलेदारांचा, शिक्का सरकारचा आणि शाई तेवढी माझी, अशी ती वाटणी होती. त्यामुळे निवृत्तीनंतर अपील, फेरतपासणी आणि प्रांतसाहेब या तिन्हींचा उपद्रव जेथे पोहोचत नाही असा एखादा मुलूख मिळावा, अशी माझी इच्छा होती. तो मला तबकड्यांच्या कपाटात गवसला. तेथे फिर्यादी मी, पंच मी आणि हुकूम बजावणाराही मीच. मधूनच स्वयंपाकघरातून "अहो, निवाडा झाला असेल तर पानं घेऊ का?" अशी हरकत दाखल होते, परंतु ती मुदतीबाहेरची असल्यामुळे मी ती फेटाळतो आणि जेवायला उठतो.

आमच्याकडे तबकड्यांचे पीक येते ते चिकूच्या वाड्यांतून. इराणी व पारशी मंडळींनी येथे वाड्या उभ्या केल्या, वाडीत कौलारू बंगला बांधला, आणि बंगल्याच्या दिवाणखान्यात चौघांनी मिळून उचलावा असा रेडिओग्राम आणून ठेवला. पुढली पिढी मुंबईस किंवा सातासमुद्रापलीकडे गेली, आणि रेडिओग्राम, आरामखुर्ची व तबकड्या ही सर्व जंगम मिळकत एकगठ्ठा भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली. भंगारवाला हा संगीताच्या प्रांतातील एकमेव निःपक्षपाती परीक्षक होय. तो वजनावर घेतो आणि वजनावरच विकतो. त्याच्या तराजूत बेगम अख्तर आणि जिम रीव्ह्ज यांचा दर एकच असतो. मात्र जुन्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या पुढच्या काळातील लाँगप्लेहून जड असल्यामुळे त्यांचे चार पैसे अधिक पडतात, आणि काकतालीय न्यायाने का होईना, हा निकाल कलेच्या दृष्टीनेही यथायोग्यच ठरतो.

कारण लाखेच्या तबकडीवर एका बाजूस सहसा तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक काही मावत नसे. मैफलीत रात्र जागविणारे अब्दुल करीम खाँसाहेब असोत की एकेका पदास अनेकवार 'वन्समोअर' घेणारे बालगंधर्व असोत, जे काही सांगावयाचे ते त्यांना तेवढ्या अवधीत सांगून बाजूला व्हावे लागे, आणि म्हणूनच त्या मुद्रणांत एकही सूर रिकामा हिंडताना आढळत नाही. अर्जदाराने आपले गाऱ्हाणे साडेतीन मिनिटांत संपवावे असा एखादा सरकारी ठराव माझ्या सेवाकाळात झाला असता तर माझे केस आजही काळे राहिले असते. लाखेचा आणखी एक गुणधर्म असा की ती मद्यार्कात विरघळते. म्हणून या तबकड्या चुकूनही स्पिरिटने पुसू नयेत. जुन्या जमान्यातील कित्येक गुणवंत कंठ याच द्रव्यापायी लयास गेले, निदान त्यांच्या तबकड्या तरी त्यापासून दूर ठेवाव्यात!

परंतु माझे खरे अधिकारक्षेत्र म्हणजे पुनःप्रकाशने. जुनी ध्वनिमुद्रिका नव्या वेष्टनात, 'संस्कारित', 'परिवर्धित' अशी बिरुदे लावून पुन्हा बाजारात आणण्याची जी प्रथा सांप्रत बोकाळली आहे, तिच्यामुळे माझ्यासारख्या गृहस्थाने एकच गाणे प्रथम तबकडीवर, मग कॅसेटवर, मग सीडीवर आणि शेवटी चिरंजीवांनी भेट दिलेल्या कारवाँ नामक पेटीत, अशा रीतीने पिढीजात कुळाप्रमाणे पुन्हा पुन्हा खंड भरून कसावे, अशी कंपन्यांची अपेक्षा असते. त्या पेटीत ५००० गाणी आधीच भरलेली असतात. ती वाजत असताना आपण कोणतीही निवड करावयाची नसते, आणि निवड करावयाची नसेल तर मत तरी कशाच्या आधारे बाळगावे? ती आमच्या सौभाग्यवतींकडे वर्ग करण्यात आली असून तिच्याविषयी त्यांची तक्रार नाही.

पुनःप्रकाशनाच्या नावाखाली काय काय घडू शकते याची साद्यंत कैफियत पाहावयाची असेल तर वाड्यांतून विपुल निघणाऱ्या त्या जिम रीव्ह्जचीच घ्यावी. हा अमेरिकन गायक १९६४ साली विमान अपघातात मयत झाला; परंतु कंपनीचे दप्तर चाळले तर मृत्यू म्हणजे त्याची केवळ दुसऱ्या तालुक्यात झालेली बदली असावी असा समज होतो, इतक्या नियमितपणे त्यानंतरही वर्षानुवर्षे त्याच्या नव्या तबकड्या निघत राहिल्या. याची परमावधी १९८१ साली झाली. त्या वर्षी पॅट्सी क्लाइन या गायिकेसमवेत त्याचे द्वंद्वगीत प्रसिद्ध झाले. ही बाई १९६३ सालीच, तीही विमान अपघातातच, निवर्तलेली. आणि हयातीत त्या दोघांनी मिळून एकही गीत मुद्रित केलेले नव्हते. दोघांच्या स्वतंत्र फितींतून आवाज सोडवून, ते एकत्र बसवून, मागे नवा वाद्यवृंद वाजवून हे मीलन घडविण्यात आले. आमच्या कचेरीत दोन मयत इसमांनी हजर राहून खरेदीखत केले असते तर तलाठी निलंबित झाला असता, सर्कल निरीक्षकाची चौकशी लागली असती, आणि फेरफार रद्द झाला असता. येथे मात्र गाणे लोकप्रिय झाले. आणि यातील खरा संतापजनक भाग असा की ते कानास गोड लागते.

याहून सूक्ष्म अन्याय 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेवर झालेला आहे. वकिली सोडून गाण्याकडे आणि तेथून एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणाकडे वळलेले आपले जी. एन. जोशी यांच्या देखरेखीखाली १९६७ साली निघालेली ही तबकडी; शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा संपूर्ण दिवस तीत रागांच्या क्रमाने उलगडत जातो: अहीर भैरवाने पहाट होते, दुपार पिलूत सरते, भूपाने दिवेलागण होते, आणि देस ओलांडून पहाडीत रात्र विसावते. डहाणूच्या दमट हवेत, चिकूच्या झाडाखाली बसून काश्मीरची थंडी भोगण्याचा याहून स्वस्त मार्ग मला ठाऊक नाही. पुढे सीडीचे युग आले, तीवर सत्तर मिनिटांहून अधिक जागा, आणि रिकामी जागा दिसली की तेथे अतिक्रमण व्हावयाचेच. सबब १९९५ च्या आवृत्तीत पहाडीनंतर आणखी काही रचना 'जादा' म्हणून जोडण्यात आल्या. त्या वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु तो बिचारा मेंढपाळ दिवसभर डोंगर तुडवून, मेंढ्या कोंडून, भाकर खाऊन नुकता आडवा झालेला. त्यास उठवून पुन्हा मैफलीस बसविण्याचा अधिकार कंपनीस कोणत्या कलमाखाली प्राप्त झाला? मी पहाडी संपताच यंत्र बंद करतो. निजलेल्या माणसाविषयी एवढी तरी बूज राखली पाहिजे.

झंकाराविषयी मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याचा विचार करणेही प्रकृतीस मानवत नाही. तलासरीस असताना आच्छाडच्या नाक्यावर मालमोटारींच्या रांगा लागलेल्या असत, आणि प्रत्येक मोटारीतून कॅसेटवर जुनी चित्रपटगीते वाजत. मात्र त्यांवर कोणा अज्ञात इसमाने विजेच्या ढोलकीचा, 'झंकार' म्हणून मिरविणारा, अखंड ठोका चढविलेला असे, जेणेकरून तलत महमूदचा तो कापरा, हळवा आवाज जणू वसुली पथकाच्या पहाऱ्यात चालला आहे असे वाटे. नाक्यावर मालाची तपासणी होई, कागदपत्रे पाहिली जात, परंतु गाण्यात भेसळ केल्याबद्दल एकाही मोटारीवर जप्ती आलेली मला आठवत नाही. राज्याची सरहद्द ओलांडून तो ऐवज निर्वेधपणे गुजरातेत जाई, आणि तिकडून त्याच ठोक्यावर गरबे इकडे येत. दोन्ही राज्यांत या एका बाबतीत तंटा नव्हता.

आता कोणी म्हणेल की हा मनुष्य प्रत्येक नव्या आवृत्तीचा वैरी दिसतो. तसे नाही. 'गीत रामायणा'चेच पाहा. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर, दर आठवड्यास एक याप्रमाणे, माडगूळकरांची ती ५६ गीते प्रसृत झाली तेव्हा ती गाण्यास माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके असे कितीक जण होते. पुढे घरोघर पोहोचल्या त्या तबकड्या मात्र सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांच्या एकट्याच्या आवाजातील. काटेकोरपणे बोलावयाचे तर ती दुय्यम प्रत होय, आणि माझ्यासारख्याने तिच्यावर 'अस्सल बरहुकूम नाही' असा शेरा मारावयास हवा. पण सीतेचे दुःख, शूर्पणखेचा संताप आणि कुशलवांचे बालपण हे सर्व बाबूजींच्या एकाच कंठातून इतके निःशंकपणे पटत जाते की अस्सल प्रतीची नक्कल मागण्याची कोणास गरजच उरली नाही. दुय्यम प्रत अस्सल ठरल्याचा हा एकमेव दाखला माझ्या दप्तरी नोंदलेला आहे.

आणि निर्दोष नव्या आवृत्तीचा दुसरा एक दाखला द्यावयाचा तर तो पृथ्वीवरील नव्हे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अमेरिकेने सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या अंतराळात पाठविल्या. त्यांत आपल्या गोमंतकातील केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, तीही साडेतीन मिनिटांचीच. ध्वनिमुद्रणाविषयी ज्यांची अनिच्छा सर्वश्रुत होती त्या बाईंचा आवाज सर्वांत दूर गेला, हा विधिसंकेत विलक्षण खरा. पण माझ्यासारख्याचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते: त्या तबकडीसोबत ती वाजविण्याची सुईही पाठविलेली आहे! परग्रहवासीयांची एवढी सोय ज्या काळात झाली त्याच काळापासून डहाणूचा रहिवासी सुईसाठी मुंबईस खेटे घालतो आहे. २०१३ साली उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली तेव्हा मला वाटले होते की आता हा वनवास संपला. तोच २०१६ साली काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस बंद झाले. पुढल्याच वर्षी त्या सुवर्णतबकडीचीही लोकवर्गणीतून पुनरावृत्ती निघाली, आणि तिच्या वेष्टनास ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्या आवृत्तीत केसरबाईंवर ठोका चढविलेला नाही; तिला माझी मंजुरी आहे.

ज्याची पुनरावृत्ती मुळीच निघू शकत नाही असेही एक संगीत आमच्या तालुक्यात आहे. भातकापणीच्या सुमारास पाड्यावर तारपा वाजू लागतो. वाळलेला दुधी, बांबू, ताडाची पाने व मेण एवढ्या सामग्रीतून सिद्ध झालेले ते वाद्य, आणि वाजविणारा असा की त्याचा श्वास कोठे संपतो व कोठे सुरू होतो याचा पत्ता लागू नये. त्याच्याभोवती कमरेत हात गुंफलेल्या नर्तकांची साखळी फिरते, आणि ही आकृती वारली चित्रांत जी दिसते ती थेट तबकडीच्या अंगावरील रेषेसारखी: एकच एक रेघ, बाहेरून आत वळत गेलेली, आणि मध्यभागी सुईऐवजी तारपकरी. लाँगप्लेची एक बाजू फार तर वीस-पंचवीस मिनिटांत संपते; तारप्याची बाजू उजाडले म्हणजे संपते, मध्ये उलटावी लागत नाही. आमच्या एका मुंबईकर स्नेह्याने पाड्यावर यंत्र नेऊन तारपा मुद्रित केला आणि मागाहून संगणकावर बसून त्यातील पायांचा धप्प आवाज, पोरांचा कालवा व कुत्र्यांचे भुंकणे मोठ्या कौशल्याने पुसून काढले. उरलेला ऐवज त्यांनी मला ऐकविला. मी त्यांस एवढेच विचारले की, "भाऊ, पुसून काढलेले कोठे ठेवले आहे? ते ऐकवा."

असो. डहाणू, बोर्डी, घोलवड, तलासरी या बाजूस ज्यांच्या माळ्यावर वडिलोपार्जित तबकड्या पडून असतील त्यांस माझी नम्र विनंती अशी की, त्या एकीवर एक आडव्या रचू नयेत, खालच्या दबून वाकतात. पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात. खाऱ्या वाऱ्याने वेष्टनांस बुरशी येते, तेव्हा पावसाळ्यापूर्वी ती एकवार कोरड्या फडक्याने पुसावीत. आणि विकणेच भाग पडले तर हातगाडी दारात बोलावण्याच्या आदल्या दिवशी मला निरोप धाडावा. दर भंगारवाल्याचाच मिळेल. वजन मात्र मी माझ्या काट्यावर करीन.