वर्षाची फी एकदम घेणाऱ्या जिममालकास



तुमच्या जिमचं नाव या पत्रात लिहीत नाही. जालन्यात ज्यांनी तुमच्याकडे वर्षाचे पैसे भरले आणि आठ-पंधरा दिवसांत जाणं सोडलं, त्यांना ते सांगावं लागणार नाही. तुम्ही तर पहिल्या ओळीतच ओळखलं असेल.

मी मोंढ्यात एका आडत दुकानावर हिशेब लिहिते. वय ४६, वजन ८४ किलो. सकाळी दहा ते संध्याकाळी सात खुर्ची सुटत नाही. मार्चमध्ये रक्त तपासलं तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या आईच्या पायाचं बोट मधुमेहानं गेलं. ड्रेसिंग बदलायला मीच बसायचे. तो आकडा वाचून मी तुमच्याकडे आले.

आले म्हणजे लगेच आत शिरले असं नाही. तीन आठवडे दारापर्यंत येऊन परत जात होते. काचेतून आतली पोरं दिसायची, मोठ्यानं गाणी ऐकू यायची, आणि वाटायचं की आधी थोडं वजन उतरवावं, मग इथं पाय ठेवावा. लठ्ठ माणसाला जिमच्या दारात हेच वाटतं. तुम्हाला ते माहीत आहे, कारण तुमचा धंदा नेमका त्या दारात उभा आहे.

एप्रिलच्या एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत धीर करून आत आले. तुमच्या माणसानं काय विचारावं? गुडघा दुखतो का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, चढताना छातीत भरून येतं का, घरी कुणाला हृदयविकार आहे का? यातलं काहीही नाही. ‘काकू, बजेट किती?’ हा पहिला प्रश्न. व्यायाम सुरू करण्याआधी विचारायच्या सात साध्या प्रश्नांची यादी कॅनडात केव्हाच तयार झाली आहे आणि जगभर वापरली जाते. ती छापायला एक कागद पुरतो. तुमच्या काउंटरवर ऑफरची चकचकीत पत्रकं गठ्ठ्यानं होती, हा एक कागद नव्हता.

मग मला चरबी मोजायच्या यंत्रावर उभं केलं. चिठ्ठी निघाली: शरीराचं वय ६१. तुमचा माणूस चिठ्ठी माझ्यासमोर धरून गप्प बसला. माझे हातपाय गार पडले. नंतर मी माहिती काढली. ते यंत्र तळपायातून सौम्य वीज सोडतं आणि तिला अंगात किती अडथळा होतो त्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. अंगात पाणी कमी असेल, नुकतं जेवण झालं असेल, तरी आकडा हलतो. मी एप्रिलच्या उन्हात मोंढ्यातून चालत, तहानलेली आले होते. हे सांगायला एक वाक्य लागलं असतं. तुम्हाला माझी भीती हवी होती, म्हणून ते वाक्य कुणी उच्चारलं नाही. पोटाची चरबी ओळखायला शिंप्याची टेपही चालते: भारतीय बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की सावध व्हायचं. पण टेप दाखवून नऊ हजार मागता येत नाहीत.

महिन्याचे १,५००, वर्षाचे १२,०००, आणि ‘आजच भरलं तर ९,०००’. ‘आजच’ हा शब्द चिठ्ठीनं घाबरलेल्या बाईला सुनावलेला होता. मी भरले. पावती मागितली तर वहीत नाव लिहून घेतलं.

पहिला दिवस ऐका. वॉर्म-अप नाही. स्क्वॉटचे चार सेट, मग लंजेस, मग पायऱ्यांचं यंत्र. मी थांबले की ट्रेनर म्हणे, ‘काकू, नो पेन नो गेन.’ शेजारी स्टीलच्या रोलिंग मिलमधली रात्रपाळी करून उपाशीपोटी आलेला विशी-बाविशीचा पोरगा होता. त्याला उलटी झाली. ‘घाण बाहेर पडतेय, चांगलंय,’ असं त्याला सांगितलं गेलं. मालक, ती घाण नव्हती. रात्रभर भट्टीसमोर घाम गाळलेल्या शरीरानं दिलेला तो इशारा होता. नवख्या माणसाला एकदम एवढं राबवलं तर स्नायू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात येतात, लघवी चहाच्या काढ्यासारखी काळपट होते आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे क्वचित घडतं, पण घडतं, आणि उपाशी, तहानलेल्या, उन्हातून आलेल्या माणसाला त्याचा धोका जास्त. त्या पोराला त्याच दिवशी काउंटरवर प्रोटीनचा डबाही विकला. डब्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक शोधला, मला दिसला नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. मोंढ्यात या, मी भाव सांगते.

दुसऱ्या दिवशी खाली बसले तर उठता येईना. तिसऱ्या दिवशी त्याहून वाईट. नव्या व्यायामाचं दुखणं २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं आणि मग उतरतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी घाबरले नसते. मला वाटलं, माझं शरीरच आता या कामाचं राहिलं नाही. तरी अकरा दिवस आले. बाराव्या दिवशी तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो दिसला. अंगाला चिकटलेला घामेजला कुर्ता, खाली वजन, शेजारी ‘बिफोर’. मला विचारलं नव्हतं. त्या ग्रुपमध्ये मोंढ्यातले चार जण आहेत. मी यायचं सोडलं.

तुम्ही म्हणाल, सोडलं तुम्हीच. हेच तुम्ही सगळ्यांना म्हणता आणि सगळे मान खाली घालून ते कबूल करतात. म्हणून हे पत्र.

नवख्याला कसं घडवतात ते मला घरातूनच ठाऊक आहे. माझे वडील घनसावंगी तालुक्यातले. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यात. मारुती आणि बलोपासना हे आमच्याकडे पोरांना बाळपणीच ऐकवलं जातं. मारुतीचं चित्र तुमच्याही भिंतीवर आहे, ट्रेडमिलच्या वर. वडील गावच्या तालमीत जायचे. नवा पोरगा नारळ घेऊन आला की वस्ताद त्याला पहिले पंधरा दिवस हौदातली माती उकरायला लावत, दहा-वीस जोर-बैठका काढून घेत, आणि बाकी वेळ बसून जोडी बघायला सांगत. पोरगं कुरकुर करायचं. पण माती उकरता उकरताच त्याचे खांदे, कंबर, दम तयार व्हायचा आणि वस्तादाला त्याचं अंग वाचायला वेळ मिळायचा. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी आपल्या जालन्याच्या आझाद मैदानावर झाली तेव्हा वडिलांना घेऊन गेले होते. बुलढाण्याच्या बाला रफिक शेखनं आदल्या वर्षीच्या विजेत्याला, अभिजित कटकेला, हरवलं. लोक उड्या मारत होते आणि वडील माझ्या कानात सांगत होते, ‘हे अंग एका वर्षात नाही झालेलं, बाई.’

त्या गावच्या तालमीत मला पाऊल टाकता येत नव्हतं. मी मुलगी. दारातून बघायचं आणि दुधाचा तांब्या ठेवून परत यायचं. ही गोष्ट मी तालमीच्या बाजूनं झाकणार नाही. म्हणूनच तुमच्या जिमची मला इतकी आस होती. जालन्यासारख्या गावात बाईनं अंगमेहनत करायला जावं, तिथं तिला कुणी हटकू नये, ही जागा पहिल्यांदा जिमनं दिली. तुमच्याकडे लेडीज बॅच असणं ही माझ्यासाठी केवढी मोठी गोष्ट होती, हे तुम्हाला समजलंच नाही. माझे पैसे गेले त्याहून याचा राग मोठा आहे. चाळीस वर्षांनी उघडलेलं दार तुम्ही अकरा दिवसांत माझ्या तोंडावर लावलंत.

आणि ते चुकून लावलं नाहीत. मी हिशेब लिहिणारी बाई आहे. तुमच्या हॉलमध्ये चाळीस माणसं एका वेळी दाटीनं मावतात. वर्षाच्या ऑफरवर तुम्ही किती नावं घेता? सगळे रोज आले तर तुमच्याकडे उभं राहायला जागा उरणार नाही. आम्ही न येणं ही तुमची कमाई आहे. अमेरिकेत स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी तीन हेल्थ क्लबांतल्या ७,७५२ सभासदांची हजेरी तपासली आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. महिन्याला ७० डॉलरहून जास्त ठरावीक फी भरणारे लोक महिन्यात सरासरी ४.३ वेळा येत होते. एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून जास्त पडत होते, आणि दहा खेपांचा पास घेतला असता तर १० डॉलरच पडले असते. माझा हिशेब: ९,००० भागिले ११, म्हणजे एका खेपेला ८१८ रुपये.

देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण आहेत, असं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालानं सांगितलं. त्यातले कितीतरी जण कधी तरी एकदा उठून व्यायामाला निघतात. तो धीर पुन्हा पुन्हा येत नाही. तुम्ही त्या धीरावरच टपून बसलेले आहात.

मी मात्र थांबलेली नाही. सध्या सकाळी मोतीबागेत अर्धा तास चालते, आठवड्यातले पाच दिवस. म्हणजे १५० मिनिटं, जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला सांगते ती किमान मर्यादा. तीच संघटना आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही सांगते. त्यासाठी घरी खुर्चीवरून उठ-बस करते. आधी आठ, आता पंधरा. पण वजनं उचलायला मला जिम हवीच आहे, म्हणून दुसरी शोधली. या खेपेला ज्या वेळी जाणार त्याच वेळी जाऊन तासभर बाकावर बसले. माझ्या वयाच्या, माझ्या अंगाच्या बाया तिथं आहेत का, नवख्या माणसाजवळ ट्रेनर उभा राहतो का की मोबाईल बघतो, हे पाहिलं. एका महिन्याचेच पैसे भरीन म्हणाले. तिथल्या मुलीनं आधी माझा गुडघा वाकवून पाहिला आणि पहिल्या दिवशी वीस मिनिटांत घरी पाठवलं.

आता तुमच्या कामाचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष सेवा बंद करून मुदतीत पैसे परत न करणंही तेच, आणि बिलावर मुदत नसेल तर ती तीस दिवस धरतात. ग्राहकानं विश्वासानं दिलेली खासगी माहिती उघड करणंही त्याच यादीत आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी फोन करून ठेवला आहे. माझ्यासोबत आणखी तिघी आहेत. रोलिंग मिलमधल्या त्या पोरालाही मी गाठलं आहे.

ग्रुपवरचा माझा फोटो आजच काढून टाका. अकरा दिवसांचे कापून बाकीचे पैसे आणि रीतसर बिल तयार ठेवा. लॉकर क्रमांक १४ मध्ये माझे बूट राहिले आहेत. शनिवारी दुकान सुटलं की सात वाजता घ्यायला येते. नव्या जिमला तेच लागणार आहेत.

— मोंढ्यातली हिशेबनीस